डाव्या पायाचा दिवा

ट्रकच्या अड्ड्यावर सगळे त्याला फ्यूज म्हणायचे. हे नाव मी ठेवलं असं काही लोक म्हणतात आणि मी ते नाकारत नाही. माझं टायरचं दुकान आणि त्याची वायरिंगची टपरी यांच्यामध्ये एकच पत्रा होता. त्या पत्र्याला मी भोक पाडून ठेवलं होतं, पक्कड आणि गप्पा इकडून तिकडे जायला बरं म्हणून. तेव्हा त्याच्याबद्दल जे मला माहीत नाही, ते सांगण्यासारखं नसावं असं समजा.

नाव पडलं ते स्वभावावरून. एरवी माणूस अखंड बोलणारा. ड्रायव्हर गाडी घेऊन आला की आधी त्याला चार शब्द ऐकवणार, मग टूलबॉक्स उघडणार. ही गाठ कोणी मारली, वायर जोडलीस की बैल बांधलास, असं सगळं यथासांग व्हायचं. ड्रायव्हरही ऐकून घ्यायचे, कारण काम चोख होतं. पण एखादी गोष्ट खरोखर मनाला लागली की हा एकदम गप्प. तासन्‌तास शब्द नाही. मग त्याची बायको घरून चहाची किटली घेऊन यायची, काही न बोलता कप समोर ठेवायची, आणि दोन घोटांत गडी पुन्हा सुरू. मी एकदा त्या माउलीला म्हटलं, तुमच्याकडे फ्यूजचा साठा दांडगा आहे बुवा. ती म्हणाली, साठा आहे म्हणून तर संसार उजेडात आहे.

संसार उजेडात होता, घर मात्र नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी त्या घरात डोळ्यांनी पाहिला, म्हणजे अंधारात जेवढा दिसतो तेवढा पाहिला. मोरीच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात, स्वयंपाकघराचं बाहेरच्या खोलीत. पुढच्या महिन्यात नीट करतो, असं तो लग्न झाल्यापासून म्हणत होता. एकदा त्याचे सासरे आंघोळीला गेले असताना कोणीतरी सवयीने बटण दाबलं. म्हातारा तोंडाला साबण लावून अंधारात उभा राहिला, आणि बाहेर आल्यावर लेकीला एवढंच म्हणाला की जावई गुणी आहे, फक्त त्याला घरी कामाला बोलवत जा.

आणि गुणी होताच. एक ट्रक आला होता, डावीकडे वळायचा दिवा लावला की त्याचा हॉर्न वाजायचा. बाकीच्यांनी अख्खी वायरिंग बदलायला सांगितली होती. ह्याने हातात टेस्ट लॅम्प घेतला, गाडीखाली गेला, चासीवरचा एक गंजका बोल्ट शोधला, पॉलिश पेपरने घासला आणि पुन्हा आवळला. अर्थिंग नव्हतं, बस. चार दिवसांनी तोच ड्रायव्हर परत आला आणि ओशाळून म्हणाला की पहिल्यासारखं करता येईल का, एका हातात दोन कामं व्हायची. त्या दिवशी फ्यूजने त्याला जे काही ऐकवलं, ते मी पत्र्याच्या भोकाला कान लावून ऐकलं आणि तरी इथे लिहू शकत नाही.

असा हा तोंडाचा फटकळ माणूस जगात एकाच माणसापुढे मुका व्हायचा. तो म्हणजे त्याचा थोरला भाऊ, दादा.

दादा घाटातले ड्रायव्हर. आमचा अड्डा डोंगरावर, आणि खाली गोदामांपर्यंत जाणारा रस्ता म्हणजे नागमोडी उतार. सिमेंट भरलेली गाडी त्या उतारावरून खाली नेणं हे ज्याच्या त्याच्या हातचं काम नाही. दादांनी त्या घाटात केस पांढरे केले होते. बाप लवकर गेला, तेव्हा दादा शाळा सोडून ट्रकवर चढले आणि धाकट्याला वायरिंग शिकायला घातलं. फ्यूज त्यांना अहो-जाहो करायचा. दादा टपरीत आले की हा स्टुलावरून उठायचा, आणि ते जाईपर्यंत बसायचा नाही. दादांनाही ते ठाऊक होतं. ते मुद्दाम लवकर उठायचे.

त्या वर्षी दादांच्या गाडीच्या ब्रेकचे ड्रम तापू लागले. खाली पोहोचेपर्यंत चाकांतून धूर आणि लायनर जळाल्याचा वास. एकदा झालं, लायनर बदलले. पुन्हा झालं. तिसऱ्यांदा गोदामाच्या फाटकावरच्या लोकांनी पाण्याच्या बादल्या घेऊन धाव घेतली, आणि ती बातमी मालकांपर्यंत गेली. ट्रकचे मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी दादांना बोलावून खुर्ची दिली आणि सांगितलं की एक्झॉस्ट ब्रेक बसवून घेऊ, महिनाअखेर मी स्वतः शेजारी बसून खाली येईन. धूर दिसला नाही तर घाट तुमचाच. दिसला तर मात्र तुम्ही गावातल्या गावात छोटा टेम्पो फिरवा, आता वयही झालं.

टेम्पो वाईट नसतो हो. पण घाटाच्या ड्रायव्हरला टेम्पो देणं म्हणजे पहिलवानाला आखाड्याबाहेर बसवून माती चाळायला देणं. दादा त्या दिवशी माझ्या दुकानात आले, टायरच्या चळतीवर बसले आणि पायाजवळची हवेची नळी गुंडाळू लागले. मग म्हणाले, "टेम्पोला हॉर्न तरी असतो का रे?" मी हसलो नाही.

एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे काय, ते मी तुम्हाला माझ्या अकलेप्रमाणे सांगतो. इंजिनाचा धूर ज्या नळीतून बाहेर जातो, तिच्यात एक झडप बसवायची. उतारावर ती झडप मिटली की धूर आत कोंडतो, इंजिनाला दम लागतो, आणि गियरमध्ये असलेली गाडी ते इंजिन मागून धरून ठेवतं. चाकाच्या ब्रेकला हातही लावावा लागत नाही. झडप मिटते हवेच्या दाबाने, आणि ती हवा सोडणारा कॉक उघडतो विजेवर. म्हणजे लोखंडाचं काम मिस्त्रीचं, पण सगळी अक्कल वायरीत.

आणि ती अक्कल अशी. बटण दाबलं म्हणून झडप मिटता कामा नये. ॲक्सिलरेटरवर पाय असेल तर मिटायची नाही, नाहीतर इंजिन गुदमरून काळा धूर ओकेल. क्लचवर पाय असेल तरीही मिटायची नाही, कारण क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं, आणि सुटलेल्या इंजिनाचं नाक दाबलं तर ते बंदच पडतं. उतारावर इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग दगड. म्हणून वीज आधी बटणातून, मग ॲक्सिलरेटरखालच्या स्विचमधून, मग क्लचखालच्या स्विचमधून जाते आणि शेवटी कॉकपर्यंत पोहोचते. तिघांनी हो म्हटलं तर काम, एकाने नाही म्हटलं तर रद्द. घरात बायको, आई आणि बहीण तिघींनी हो म्हटल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला मुक्कामाला ठेवत नसत, तसं.

फ्यूजने ते काम जितकं जपून केलं तितकं मी त्याला दुसऱ्या कुठल्या गाडीवर करताना पाहिलं नाही. प्रत्येक वायरीवर जाळीचं नळकांडं, प्रत्येक जोड डागलेला, वर टेप, टेपवर पुन्हा टेप. दादा बाजूला उभे राहून कौतुकाने बघत होते. गाडी उभी आणि इंजिन बंद असताना सगळं तपासलं. बटण, फुस्स, झडप मिटली. क्लच दाबला, झडप उघडली. झकास.

दादा खाली जाऊन आले ते कपाळाला आठी घालूनच. म्हणाले, मध्येच धरतो, मध्येच सोडतो. कुठेतरी वायर सैल आहे बघ. ड्रमही तापलेच होते.

फ्यूजने सगळं उघडलं. वायर ओढून पाहिली, हलवून पाहिली, गाडी सुरू ठेवून चासीवर हातोडी मारून पाहिली. काही सैल नाही. दादा पुन्हा गेले, पुन्हा तेच. तेव्हा फ्यूजने ठरवलं की आपण शेजारी बसून जायचं.

परत आला तो फ्यूज उडालेल्या अवस्थेत. टपरीत शिरला आणि बसून राहिला. मी भोकातून दोनदा हाक मारली, उत्तर नाही. शेवटी किटली आली, कप भरला, तो रिकामा झाला, आणि मग बायकोच्या आणि माझ्यासमोर त्याने तोंड उघडलं. वायर सैल नव्हती. दादांचा डावा पाय क्लचवर होता. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला, जसा आपण उंबऱ्यावर ठेवतो. पण पायाचं ओझं ते ओझंच. पेडल थोडं खाली जायचं, स्विच सुटायचा, झडप उघडायची. आणि मुख्य म्हणजे नुसता हाच ब्रेक नव्हे, त्या पायामुळे क्लचही अर्धवट सुटत होता, म्हणून इंजिन गाडीला कधीच पूर्ण धरत नव्हतं, म्हणून दादा चाकाचा ब्रेक दाबून ठेवत होते, म्हणून ड्रम जळत होते. सगळ्या धुराचं मूळ तो एक पाय.

मी म्हटलं, मग सांग की त्यांना. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला देवळातली घंटा चोरायला सांगितलं होतं.

तो पाय तिथे का होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. दादा तरुण असताना त्यांच्याकडे एक जुनी गाडी होती, तिचा गियर आपोआप निसटायचा. एकदा घाटातल्या वडाच्या वळणावर भरल्या गाडीचा गियर निसटला. दादांनी क्लच मारून, इंजिन बोंबलवून, गियर परत बसवला आणि गाडी कठड्याला घासत थांबवली. फ्यूज तेव्हा लहान होता आणि त्या गाडीत पोत्यांवर झोपला होता. त्याला काही कळलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून दादांचा डावा पाय क्लचवर पहारा देत बसला होता. गाड्या बदलल्या, गियर निसटायचे थांबले, पण पहारेकऱ्याला कोणी घरी जा म्हणून सांगितलं नाही. आणि ज्या पायाने आपल्याला वाचवलं तो पाय चुकतोय, हे धाकट्याने थोरल्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

मी आणखी एक शहाणपण सुचवलं, की क्लचची वायर मधून काढून सरळ जोडून टाक, मग पाय कुठेही असो. तो म्हणाला की मग तूच बस दादांच्या शेजारी, इंजिन बंद पडेल तेव्हा खाली उतरून ढकलायला. स्विच थोडा खाली सरकवून मात्र त्याने पाहिला. दादांचा पाय इमानदार, तोही त्याच्यामागे खाली गेला.

मग त्याने दिवा लावला.

भंगारातल्या गाडीचा एक लाल दिवा होता, बोटाच्या पेराएवढा. तो त्याने दादांच्या समोर, स्पीडच्या काट्याशेजारी बसवला आणि त्याची वायर झडपेच्या कॉकला जोडली. कॉकला वीज मिळाली तर दिवा लागणार, तुटली तर विझणार. दादांना सांगितलं की इंजिन गाडीला धरून आहे तोवर हा लागलेला दिसेल, तेवढंच तुमच्या माहितीला. बाकी एक अक्षर बोलला नाही. मला डोळ्यांनीच दटावलं, कारण मी तोंड उघडलेलं त्याला दिसलं होतं.

दादा आले ते तक्रार घेऊनच. दिवा मिचमिचतोय, बल्ब खराब आहे. फ्यूजने बल्ब बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, होल्डर ढिला आहे. फ्यूजने होल्डर बदलला. इकडे महिना संपत आला होता. मी पत्र्यापलीकडून म्हटलं, अरे आता भाऊ बदल. तर एक सोल्डरचा तुकडा भोकातून माझ्या डोक्यावर आला.

शेवटी सुटका केली ती वहिनीने, म्हणजे दादांच्या बायकोने. तिला खाली तिच्या बहिणीकडे जायचं होतं, म्हणून ती गाडीत बसली. ही बाई बोलायला कमी आणि बघायला जास्त. पुढची हकिकत तिनेच आम्हाला नंतर सांगितली. उतार लागला, दिवा लागला. दिवा गेला, पुन्हा लागला. दादा त्याच्यावर करवादत होते. हिने एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा खाली बघितलं, आणि खिडकीबाहेर बघत सहज बोलावं तसं म्हणाली, "तुम्ही पाय टेकलात की जातो तो."

दादांनी पुढच्या मोकळ्या जागेत गाडी बाजूला घेतली, दगड लावला, इंजिन बंद करून नुसती चावी चालू ठेवली आणि सीटवर बसले. मग क्लचवर पाय ठेवला, दिवा गेला. उचलला, दिवा आला. ठेवला, गेला. उचलला, आला. वहिनी म्हणाली, मी शेंगा सोलाव्यात इतका वेळ ते चाललं होतं. मग ते निघाले. पाय उचलायचा म्हटलं तर तो आपोआप परत यायचा, कुत्रं उंबऱ्यात येऊन बसतं तसा. खाली पोहोचेपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि गाडी तर त्या दिवशी पहिल्यांदा थंड होती.

पण हे त्यांनी धाकट्याला सांगितलं नाही, आणि धाकट्याने विचारलं नाही. वहिनीने आम्हाला सांगितलं तेही दादा अंगणात हातपाय धूत होते म्हणून. दिव्याची तक्रार मात्र बंद झाली.

ठरलेल्या दिवशी मालक पांढरा शर्ट घालून आले. मालक खिडकीशी, फ्यूज मध्ये, आणि मी मागच्या फळीवर. मी कशाला, असं मालकांनी विचारलं, तर मी म्हटलं टायरचा आवाज ऐकायला. टायर काही बोलत नसतात, पण मालकांना ते विचारावंसं वाटलं नाही.

वरच्या वळणावर दादांनी गाडी थांबवून गियर घातला. चप्पल काढली. डावा पाय क्लचशेजारी पायाखालच्या फळीवर सपाट ठेवला आणि बटण दाबलं. फुस्स. दिवा लागला, इंजिन घुमायला लागलं, जसं कोणी पाठीमागून गाडीचा सदरा धरून ठेवावा. एक वळण, दुसरं वळण. मालक सुपारी कातरत होते. फ्यूज दिव्याकडे बघत नव्हता. तो समोरच्या काचेवरच्या एका डागाकडे बघत होता. मी मात्र दिव्याशिवाय काही पाहिलं नाही.

वडाचं वळण आलं आणि दिवा विझला.

गाडी पुढे धावली. मालकांचा अडकित्ता थांबला. मी वाकून पाहिलं, तर दादांचा पाय क्लचवर होता, आणि उजवा पाय ब्रेककडे निघाला होता. फ्यूजने समोरची कड घट्ट धरली. दादांनी रस्त्यावरून नजर न काढता डावा पाय उचलला, सावकाश, दुसऱ्याचा असल्यासारखा, आणि सीटच्या खाली मागे ओढून घेतला. दिवा लागला. इंजिनाने गाडी पुन्हा धरली, वड मागे गेला, आणि मग अगदी खालच्या फाटकापर्यंत तो दिवा एकदाही मिचमिचला नाही.

खाली उतरून मालक चाकापाशी गेले आणि ड्रमजवळ पालथा हात नेला. आधी लांबून, मग जवळून, मग त्यांनी तो लोखंडावर टेकवलाच. कोमट होता, चहाच्या कपासारखा. मालक म्हणाले की ठीक आहे, उद्याची खेप सकाळची धरा, आणि गोदामात निघून गेले. एवढ्या एका वाक्यात घाट दादांच्या पदरात पडला. मी तर म्हणेन की मालकांनी थोडं कौतुक करायला हरकत नव्हती, पण त्यांनी खेप दिली, त्यापुढे कौतुक काय.

दादा पायरीवर बसून चप्पल घालत होते. मान खालीच ठेवून त्यांनी धाकट्याला विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

"शेजारी बसलो त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीस? सगळ्या जगाला तर बोलतोस."

फ्यूज उभाच होता, नेहमीसारखा. तो म्हणाला, "तुम्हाला?"

दादांनी वर पाहिलं. मग हसायला लागले, आणि असे हसले की चप्पल हातातून निसटून गाडीखाली गेली. फ्यूज ती काढायला वाकला, तर दादांनी त्याचा हात धरला आणि आपल्या शेजारी पायरीवर जागा केली. आता त्या पायरीवर दोघं मावत नाहीत, तुम्हीही पाहिलीत तर म्हणाल. पण ते दोघं बसले, अर्धे अर्धे बाहेर, आणि चप्पल मी काढून दिली.

पुढे दादांनी बरीच वर्षं घाट चालवला. अड्ड्यावर कोणीही नवा ड्रायव्हर आला की दादा त्याला माझ्या टायरवर बसवून डाव्या पायावर व्याख्यान द्यायचे. क्लचवर पाय ठेवून उतरणारा ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हरच नव्हे, लोकांच्या साध्या साध्या गोष्टी कशा लक्षात येत नाहीत, वगैरे. पलीकडे फ्यूज वायरीला टेप गुंडाळत बसलेला असायचा. व्याख्यान रंगात आलं की दादा पत्र्याकडे तोंड करून विचारायचे, काय रे, बरोबर ना? आणि तो फटकळ माणूस हातातलं काम न थांबवता उत्तर द्यायचा, अगदी बरोबर दादा, आम्हाला तर तुम्ही सांगेपर्यंत माहीतच नव्हतं.